अर्धा बार

घाटल्यात, आमच्या सोसायटीच्या स्टिल्टखाली
सात नंबरच्या खांबाला टेकून ती उभी:
दोन दारं, दोन सीटा, फायबरचं अंग,
साठ घोडे, त्यातले दहाएक म्हातारे.
मी तिला फुंकर घालणार आहे.

टर्बो कुर्ल्याचा. इखलाकच्या दुकानात
डिझेल गाड्यांची फुप्फुसं तारेला टांगलेली.
एक उतरवून दांडी चिमटीत धरली, हलवली.
आडवी किंचित डुगडुगली, ते चालतं.
पुढेमागे सरकली असती तर परत टांगली असती.
'मॅडमला कळतंय,' तो पोऱ्याला म्हणाला
आणि पाचशे वाढवले.

बाबा खत कारखान्यात बॉयलरवर होते, एकतीस वर्षं.
प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बघतात,
दम्याचा पंप शर्टाच्या खिशात.
'म्हणजे फुकट जाणाऱ्या धुराला कामाला लावायचं.
एवढंच ना?'
एवढंच.
'आणि दाब जास्त झाला की सोडणार कुठून?'
मी वेस्टगेटची झडप दाखवली.
त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली,
सोडली, परत दाबली.
'हिच्यावर विसंबू नकोस,' म्हणाले,
'काट्यावर डोळा ठेव.'

किती दाब, ते मी आधीच ठरवलंय. अर्धा बार.
ह्या इंजिनाच्या पिस्टनला त्याहून जास्त सोसायचं नाही.
आईने गॅलरीतून ऐकलं:
'पोरीचा बार उडवायचा कधी, ते बोला.'
'आधी अर्धा,' मी खालून.

सहा रविवार गेले.
गोवंडीच्या रेजीने मॅनिफोल्ड जोडून दिला,
वेल्डिंगचा सांधा असा, की बोट फिरवत राहावं.
तेलाच्या परतीचा पाइप तीनदा वाकवला;
तेल चढत नाही, उतरतंच फक्त,
त्याला वाट उताराची द्यावी लागते.
लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर.
टिपणीसकाकांनी नोटीस लावली:
'वाहनतळात औद्योगिक कामे करू नयेत.'
औद्योगिक! मी तिचा फोटो काढून ठेवला.

पहिल्यांदा रेस दिली तेव्हा क्लॅम्प निसटला.
फुसका बार.
बी विंगमधले दिवे लागले, एक कुत्रा रडला,
बाबा हसता हसता खोकले
आणि पंप शोधायला लागले.

मग एक पहाट, पावणेपाच, फ्रीवे.
शेजारच्या सीटवर बाबा, मफलर बांधून.
ह्या शहरात काटा तसा शून्यावरच असतो:
गतिरोधक, खड्डा, मेट्रोचे पत्रे, पुन्हा गतिरोधक.
बोगद्यात शिरलो. तिसरा गिअर. पाय दाबला.
काहीच नाही.
काहीच नाही.
मग कुकरच्या शिट्टीआधी आत जे जमत जातं
तसला बारीक आवाज,
आणि पाठ सीटला चिकटली.
चार सेकंद असेल.
ऐंशी झाले, मी पाय उचलला, फुस्स.
बाबा काट्याकडे बघत होते, रस्त्याकडे नाही.
'बरोबर अर्धा,' म्हणाले.
बाकी काही बोलले नाहीत. घरी येऊन दोन चहा प्यायले.

कोइमतूरला तिला टेम्पोत घालून नेली.
तिथे गतिरोधक नाहीत, नोटीस नाही,
वळण संपतं आणि सरळ रस्ता संपत नाही.
तिसऱ्या फेरीला आवाज बदलला,
फटफट, जसं कुणी दातांतून बोलावं.
पिटमध्ये येऊन बॉनेट उघडलं:
टर्बोच्या मानेशी नट ढिला, भोवती काजळी.
बाबांना फोन.
'तापल्यावर पुन्हा आवळला होतास?'
मी गप्प.
'गार होऊ दे. मग आवळ.
गरम लोखंडाशी बोलू नये.'

म्हणून बसलेय, टायरवर, हातात चौदाचा पाना.
बाकीच्यांच्या गाड्या फेऱ्या मारतायत.
मॅनिफोल्ड आकसतोय, टिक,
बराच वेळ नाही, मग टिक.
बोट जवळ नेऊन पाहिलं.

अजून हात लावता येत नाही.