शेपटीला नऊ

टाउनो फोनवर बोलत नाही.
"हं" म्हणतो. मग वारा. मग ठेवून देतो.
पण त्याच्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीतला रेडिओ
दर दोन मिनिटांनी खर्रकन खाकरतो:
कॉलसाइन, शेपटीला नऊ, म्हणजे चाकांवर आहे,
अक्षांश, रेखांश, वेग.
टेकडीवरचा रिपीटर ते झेलून पुढे फेकतो
आणि इनारीत, माझ्या ओट्याशेजारच्या पडद्यावर,
ठिपका जागचा हलतो.

वळणांवर जास्त बोलतो, सरळ रस्त्याला गप्प.
माणूसही तसाच.

आज उणे एकतीस.
कामानेनच्या पुढे, तळ्याच्या फाट्याला, ठिपका थांबला.
तिथं थांबा नाही. वाचक तर नाहीच.
तिथं फक्त वेइक्कोचं घर.
सख्खा भाऊ. एका बोटीवरून सतरा वर्षं अबोला.

वेग शून्य.
शून्य.
फोन उचलला, ठेवला.
कॉफी चढवली, ती उतू गेली, पुसलं नाही.
शून्य.

पन्नास मिनिटांनी खरखर. वेग बारा. वेग चाळीस.
आणि शेऱ्याच्या जागी, जिथं प्रत्येक हिवाळ्यात
"रस्ता निसरडा" एवढंच असतं,
"वेइक्कोनं दोन पुस्तकं घेतली.
मुदत चार आठवडे."