टिळकवाडी, दुसऱ्या गेटजवळ

"तीन बेडरूम, पूर्वेचा दरवाजा,
रेल्वे गेटपासून चालत पाच मिनिटं,
इतका शांत एरिया बेळगावात मिळत नाही आता,"
एजंट नदाफ भिंतींकडे बघून सांगतो.

शांत म्हणजे किती, ते मला विचारा.
समोरचं दार बंद झाल्यापासून
कुकरची शिट्टीसुद्धा माझीच.

गिऱ्हाईक गोकाकचं, नवरा-बायको.
तो सगळे नळ सोडून बघतो.
ती हॉलमध्ये पावलं टाकते, वळते,
परत मोजते.

ओट्यावर एकच वस्तू राहिलीय, स्टीलचा डबा.
समोरच्या शिवलीलाक्कांचा,
होळगी घालून दिलेला, नऊ वर्षांपूर्वी.
रिकामा कसा परत करायचा, म्हणून राहिला.
मग त्या धारवाडला लेकाकडे गेल्या,
मग तिकडूनच गेल्या.

"झाकणावर त्यांचं नाव कोरलंय," मी तिला म्हटलं,
"कानडी बोलते मी, वाचता येत नाही.
धारवाडला जाणं होतं का तुमचं?
लेकाला द्याल?"

तिनं झाकण खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरलं.
"मालनबाई कोण?"

खाली गेट पडलं, घंटा वाजत राहिली.
नदाफ माझ्याकडे बघायला लागला.

मग म्हणाला, भावात थोडं मागंपुढं होईल.
होऊ दे, म्हटलं.
डबा सोडून.