तर्कशास्त्र, अकरावी कला

वर्गात आम्ही सात जण.
बाकीचे भूगोलाला, तिथे मार्क पडतात म्हणे.
धात्रक मॅडम खिडकीतून एकलहऱ्याची चिमणी दाखवतात:
धूर दिसतोय, म्हणजे विस्तव आहे.
आणि धूर नसला तर?
तर अब्बांना सुट्टी, मागून तौफिक म्हणतो.
त्याचे वडील तिथे कोळशावर असतात.
मॅडम हसत नाहीत. फळ्यावर लिहितात,
आधारविधान तपासा.

संध्याकाळी मामा आले पिंपळगावहून,
द्राक्षांची पेटी घेऊन.
"हुशार पोरं सायन्सला जातात.
तू गेली नाहीस.
म्हणजे बघ."

मी ओल्या बोटाने फरशीवर वर्तुळं काढली,
एकात एक,
आणि बाहेर एक टिंब, मी.
पुसलं, पुन्हा काढलं,
युक्तिवाद वैधच निघत होता.
रडू आलं ते त्याचंच,
मामांचं कुठे चुकतच नव्हतं.

एकच उदाहरण हवं होतं, एकच माणूस,
हुशार, आणि सायन्सचा नव्हे.
पंखा फिरत होता. टिंब आधी वाळलं.

आई, सातवी पास,
वरचे घड ओट्यावर ठेवत गेली,
तळाचा कागद उचलला, वास घेतला.
म्हणाली, दादा,
खालचे नासलेत.