ठसका

ग्रीनवूडला, जिनिंगमागच्या खोलीत
ओझेला प्रुइट एकदाच गायली ते.
दुसऱ्या कडव्यात कापसाचा तंतू घशात गेला,
ठसका लागला.
मेणाची तबकडी एकच होती.
राहू दे, म्हणाला साहेब, सात डॉलर मोजले.

तीस वर्षांनी हल बंदरातल्या पोरांनी
झिजल्या तबकडीवरून गाणं उचललं, खोकल्यासकट;
त्यांना वाटलं, ताल आहे तो.
पुढच्यांनी तिथं ड्रम ठेवला.
त्यापुढच्यांनी टाळ्या.
कुणीसं लिहिलंही:
काय ठसका आहे या चालीत!

ग्रीनवूडच्याच एका दुकानात, साबणांपाशी,
तिची लेक व्हर्डेल, वय एक्याऐंशी, ढकलगाडी थांबवते.
ओठ हलतात, शब्द सगळे पाठ.
ड्रम येतो
आणि ती छताकडे बघत पुटपुटते,
पाणी द्या रे कुणी तिला.