शेरा

डुलूथला एप्रिलमध्येही तळं गोठलेलंच असतं.
तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही.
खनिज नेणारी जहाजं धक्क्याला टेकून
बर्फ कधी हलेल त्याची वाट बघतात.

आमची संस्था दुसऱ्या मजल्यावर, खाली लाँड्री.
त्यामुळे हिवाळाभर ऊब फुकट मिळते,
आणि जगात फुकट काहीच नसतं
असं सांगणाऱ्या आमच्या पुस्तिकांना
साबणाचा वास येतो.

दारावर पितळी पाटी : विवेक आणि व्यक्तिस्वातंत्र्य.
ऑर्विल टॅमिनेन दर सोमवारी ती स्वतः घासायचे.
ते गेल्यापासून मी घासते.
तसा ठराव कुठे झालेला नाही.
मी इथली हिशेबनीस, आठवड्याचे तीन दिवस,
मताचा अधिकार नसलेली.

दर वर्षी शाळकरी पोरांची निबंधस्पर्धा.
विषय तोच : स्वतःच्या डोक्यानं विचार करणं म्हणजे काय?
पहिलं बक्षीस दोन हजार डॉलर.
यंदा तीनशे अकरा पाकिटं.
मी फोडते, आकडा घालते, वाचते,
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं दोन शब्द लिहिते.

‘मी कुणाची री ओढत नाही’
असं दोनशे अठ्ठ्याण्णव जणांनी लिहिलंय
आमच्याच पुस्तिकेच्या चौथ्या पानावरून.
त्या पानावर एका शब्दातलं अक्षर गळालंय.
तेही गाळून.

मग दोनशे सात.
मारिन्का स्टुपार, वय सतरा, गाव एली.
पाकिटाच्या कोपऱ्याला औषधाचा तपकिरी डाग.

‘तुमची पुस्तिका मी दोनदा वाचली.
पहिल्यांदा वाटलं, कुणी खिडकी उघडली.
दुसऱ्यांदा वाटलं, खोलीला एकच खिडकी आहे.
आजोबांच्या छातीत खाणीची धूळ आहे.
रात्री दोनदा मी त्यांची कूस बदलते.
हे कर्ज नाही, करार नाही,
मला कुणी सांगितलेलंही नाही.
मी विचार केला आणि हो म्हटलं.
तुमच्या पुस्तिकेत ह्या हो-ला जागा सापडली नाही.
म्हणून मी असहमत आहे.
बक्षीस मिळणार नाही, तेही विचार करूनच लिहिते.’

खाली ड्रायर फिरत होता.
कुणाच्या तरी कोटाचं बटण
आतल्या पत्र्यावर टक टक करत होतं.

मला ऑर्विल आठवले.
शहाऐंशी डॉलरच्या एका नोंदीवरून
मी त्यांना एकदा नाही म्हटलं होतं.
स्वातंत्र्यावर चाळीस वर्षं बोलणारा माणूस
माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही.
बाराव्या दिवशी टेबलावर
वर्तमानपत्रात गुंडाळलेला ट्राउट मासा.
तुझं बरोबर होतं, असं मात्र
शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

समितीची बैठक पंचवीस मिनिटं चालली.
‘तर्क उत्तम,’ डेस्मंड ओकरलंड म्हणाले,
‘निष्कर्ष आमचा नाही.’
दोघांनी माना हलवल्या.
ह्या खोलीत मी इतक्या वर्षांत
नंदीबैल पाहिला नव्हता असं नाही,
पण त्या दिवशी घुंगरंसुद्धा ऐकू आली.
बक्षीस चव्वेचाळीस नंबरला.
सुरेख अक्षर. गळालेलं अक्षर जागच्या जागी गळालेलं.

चेक मीच लिहिला. रक्कम अक्षरी, रक्कम अंकी.
माझं काम मी चोख करते.

मग घरी, स्वयंपाकघरात,
संस्थेचं नाव नसलेल्या कागदावर
मारिन्काला पत्र लिहिलं. तिकीट माझ्या पैशांचं.
स्तुती केली नाही.
दुसऱ्या परिच्छेदात तुझा तर्क लंगडतो, असं लिहिलं,
आणि हो म्हणणारा माणूस उद्या नाही म्हणू शकला नाही
तर त्या हो-चं काय, हेही विचारलं.
उत्तर दे म्हटलं. भांड म्हटलं.

सहीच्या खाली थोडी जागा उरली होती.
तिथे लिहिलं :
हे मी कुणाच्याही वतीनं लिहीत नाही.