साल

गांधी चमनच्या कोपऱ्यावर माझी रसाची गाडी.
उन्हाळ्यात दिवसाला तीन गोण्या साली निघतात,
निम्म्या गाई खातात, निम्म्या घंटागाडीत.
त्या कुणी मागितल्या नाहीत कधी.

मग दिगंबर भावसारांची प्रणिता आली,
जुन्या जालन्यात सूत रंगवतात ते.
"मुनीरकाका, मोसंबीच्या साली पाहिजेत.
बिया नकोत, स्ट्रॉ नकोत."
मी म्हणालो, "मुरंबा करायलीस का?"
"नाही. पाणी धुवायचंय."

पाणी धुवायचंय!
आयुष्य गेलं माझं पाण्यानं ग्लास धुण्यात,
पाणी कशानं धुवायचं
हे डोक्यातच आलं नव्हतं.

तिचं कॉलेजातलं शेवटचं साल,
माझ्याकडं साली रोजच्या.

माळवदावर वाळत घातल्या तिनं.
थोड्या मुंग्यांनी नेल्या.
कुरकुरीत झाल्यावर आईच्या मिक्सरात दळल्या
(पुढं आठ दिवस त्या घरात चटणी कडू लागत होती).
पहिल्यांदा तर सालींनीच पाणी पिवळं केलं.
मग धुतल्या, वाळवल्या,
परत धुतल्या.

सतराव्या दिवशी ती बरणी घेऊन गाडीवर आली.
बापाच्या हौदातलं निळं पाणी,
त्यात दोन चमचे भुकटी.
हलवत राहिली, हलवत राहिली,
मी दोन गिऱ्हाइकं तशीच परत पाठवली.
फडक्यातून गाळलं
आणि ग्लासातून आरपार
माझ्याच पाटीवरचा भाव वाचता आला.

लाल मात्र ऐकेना.
लालला आंबट लागतं म्हणे.
माझ्याच टोपलीतली लिंबं पिळली,
थोडा उतरला,
थोडा अडून बसला, मानकऱ्यासारखा.

दिवेलागणीला दिगंबरराव आले.
नखांत तीस वर्षांचे रंग.
निवळलेल्या पाण्याकडं बघितलंच नाही त्यांनी,
फडक्यातला निळा चोथा उचलला,
हुंगला.
"वास तर मोसंबीचाच आहे.
पण पोरी, रंग गेला कुठं? हा काय, इथंच आहे की.
आता हे कुठं टाकायचं?"

प्रणितानं वहीत काहीतरी लिहिलं,
मग खोडलं.
"तेच शोधायलेय," म्हणाली.
बाप हसला नाही, पण जाताना
गोणी त्यानंच खांद्यावर घेतली.

चोथा माझ्याकडं राहिला.
गाईच्या तोंडी पडू नये म्हणून
बिस्किटाच्या जुन्या डब्यात घातला, वर ठेवला.
डब्यावर काय लिहावं, कळेना.
कचरा म्हणावं तर रंग आहे,
रंग म्हणावं तर लावायचा कशाला?

अजून कोराच आहे डबा.
एवढंच झालंय,
गिऱ्हाइकानं टाकलेली स्ट्रॉ
मी आता सालींतून वेचून काढतो,
कुणी न सांगता.