विषय क्रमांक सतरा

मी दंगल पेंटर.
सोनशेवडी खुर्दची पाटी मीच रंगवली,
ग्रामसभा झाली त्याच रात्री,
मोटारसायकलच्या उजेडात.
'स्वतंत्र ग्रामपंचायत कार्यालय' –
पिवळ्यावर काळं, सावली लाल.
खाली लिहिलं 'स्थापना दिनांक'
आणि पुढे वीतभर जागा सोडली.
आठ दिवसांत तारीख येते, म्हणाले सगळे.
ब्रश मी धुतला नाही,
रॉकेलमध्ये बुडवून ठेवला.

हात मोजले होते मारुतीच्या पारावर.
दोनशे एकोणचाळीस वर.
दोनशे चार खाली, मांडीवर, खिशात,
काही नुसते कपाळाशी, उन्हासाठी;
ते कुठे धरायचे यावर अर्धा तास भांडण.
सगळ्यात आधी सुपडू आबांचा हात,
कोपरात वाकडा, थरथरता:
"पानी त्यासनं, टाकी त्यासनी,
आपला नळले नुसती हवा येस. बस झाय."
माझ्या बायकोचं माहेर नाल्यापलीकडे, बुद्रुकात.
तिचा हात पदराखाली होता.
मी पाहिलं. त्यावर आम्ही अजून बोललो नाही.

मग फाईल निघाली.
शिंदखेड्याला एक सही होती, ती रजेवर होती.
धुळ्याला पोचली तेव्हा
सर्वसाधारण सभेत आमचा नंबर सतरा.
टेम्पो करून गेलो, गॅलरीत बसलो,
भाकरी मांडीवर सोडायची की नाही, कळेना.
पहिल्या सभेत सोळाव्या विषयावर सभात्याग.
दुसरीत कोरम नाही.
तिसरीच्या आड आचारसंहिता.
चौथीत एक जण उठले, म्हणाले, समिती नेमा.
दुसरे म्हणाले, समिती नको, उपसमिती.
तिसऱ्यांनी चष्मा पुसला:
या लोकांना खरंच वेगळं व्हायचंय,
की त्या दिवशी ऊन फार होतं?

वेणूबाई उभीच राहिली –
"आम्हले इचारा ना! आम्ही आठेच बठेल सेतस!"
शिपायानं तिला जिन्यापर्यंत नेलं.
इतिवृत्तात एवढंच आलं:
गॅलरीत गोंधळ. सभा तहकूब.

तहकूब.
मनातल्या मनात कितीदा रंगवलाय हा शब्द.
शेवटच्या ब-चं पोट भरत आणावं
आणि आपल्याच हातानं
त्यात तिरकी रेघ मारावी.

खांबावरचा दिवा गेला,
तर बुद्रुक म्हणतं, तुम्ही निघालात ना?
धुळं म्हणतं, तुम्ही अजून तिथेच आहात.
गटार तुंबलं तरी तेच.
सासर सुटलं नाही, माहेर उघडत नाही,
अशा पोरीसारखं गाव
नाल्याच्या फरशीवर बोचकं घेऊन बसलंय,
आणि आता बोचक्यातच भांडणं:
स्मशान कुणाकडे जाईल?
शाळेचा घंटा कुणाचा?
बुद्रुकचा पोळा बघायला जायचं की नाही?

आबा गेले माघात.
दाखला आणायला त्यांचा धाकटा नाला ओलांडून गेला.
ग्रामसेवकानं विचारलंही नाही, लिहिलं:
राहणार सोनशेवडी बुद्रुक.
धाकट्यानं तो कागद चार घड्या करून
खिशात ठेवला, आणि चहा न पिता परत आला.

परवा पत्र आलंय.
ठराव जुना झाला,
सबब नव्याने ग्रामसभा घेऊन हात मोजावेत.
पारावर ते मोठ्यानं वाचलं तेव्हा
कुणी शिवी दिली नाही, हेच मला भ्यायला लावून गेलं.
वेणूबाई तेवढी म्हणाली,
"मना हात तव्हयपासून वरच से,
खाले कोनी करू दिधा?"

पाटी माझ्याच ओट्यावर, भिंतीला टेकून.
लाल सावली उडाली, पिवळा टिकलाय.
काल बघतो तर सोडलेल्या जागेत
बायकोनं खडूनं दुधाचा हिशेब मांडलेला:
अर्धा, अर्धा, पाव, नागा, अर्धा.
मी काही बोलायच्या आत म्हणाली,
जागा रिकामीच होती ना.

ब्रश काढून पाहिला. दगड झालाय.
खडू मात्र तिथेच होता, खिडकीत.
गवळी आला नव्हता.
मी लिहिलं:
नागा.